देवीपुढची बॅटरी

माझे मेहुणे तुळजाजीराव ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून होते. तंजावरहून रोज मोटरसायकलनं जायचे, आणि त्या गाडीला उभ्या जन्मात त्यांनी मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. पंखा, विहिरीची मोटर, मिक्सर, सगळं स्वतःच उघडायचं. जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले तर म्हणायचे, कंपनीनंच जास्तीचे लावले होते. आम्ही हसायचो. माझी बहीण सुंदरी मात्र तो मिक्सर लांबूनच, हात ताणून सुरू करायची.

गेल्या वर्षी आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, तोंडावर गाडीची बॅटरी बसली. पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे न्यायची, हा इकडचा रिवाज. त्या वेळी चार लोकांत किक मारत बसणं भावजींना कमीपणाचं वाटलं. नवी बॅटरी आणली, ॲसिड घरीच भरलं. जुनीच्या तारा सोडवल्या, आधी काळी, मग लाल. इथवर सगळं बरोबर होतं.

पण नवी वस्तू सरस्वतीपुढे ठेवल्याशिवाय वापरायची नाही, आणि सकाळच्या आत बॅटरी चार्ज तर व्हायला हवी. भावजींनी दोन्ही कामं एकदमच उरकायचं ठरवलं. देवाच्या कपाटात पाने, पकडी, सुंदरीची शिवणाची कात्री मांडलेली होती. त्यांच्याच शेजारी बॅटरी ठेवली, बुचं काढली, चार्जर लावला. मांजर तोंड घालील म्हणून कपाटाची दारंही लावून घेतली.

"चार्ज होताना गॅस निघतो, उघड्यावर ठेवा, विस्तव जवळ नको, म्हणून दुकानदार सांगितला की हो," सुंदरी म्हणाली.

"तो मला शिकवतो काय? सरि, तूं जा, नैवेद्याच्या सुंडलाला चणे भिजीव."

सकाळी मी पोचलो तेव्हा चंदन-कुंकू लावलेली गाडी दारात उभी होती. घरात पाऊल टाकलं आणि कसल्याशा आंबूस वासानं घसा खवखवला. भावजी अंगणात लिंबं पुसत होते. आत सुंदरीनं ताटलीत कापूर पेटवला आणि कपाटाचं दार उघडलं.

भावजींनी बाहेरून ती ज्योत पाहिली. लिंबू टाकून ते ओरडले, "सुंदरी, हात लावूं नको!"

त्या घरात हे वाक्य रोज, प्रत्येक वस्तूपायी ऐकू यायचं. "होय, होय," म्हणत तिनं कापूर देवीपुढे नेला.

एकच मोठा आवाज झाला. बॅटरी फुटली आणि ॲसिड सुंदरीच्या तोंडावर उडालं. मी तिला ओढत नळाखाली नेलं आणि पाणी ओतत राहिलो. ती किंचाळत होती. भावजी उंबऱ्यातच खिळले होते. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

उजवा डोळा गेला.

त्यांची मुलगी हरिप्रिया चेन्नईहून धावत आली. पट्टीतला चेहरा बघून रडायलाच लागली. "कसं झालं अम्मा हें?"

सुंदरीनं तिचा हात चाचपून धरला. मग म्हणाली, "बॅटरीच वायीट निघाली. अप्पा काय करतील?"

भावजी खाटेच्या पायथ्याशी उभे होते. आता तरी खरं बोलतील, असं मला मनापासून वाटलं. त्यांनी घसा खाकरला.

"दुकानदार फसवला आम्हाला," ते लेकीला म्हणाले.

सुंदरीनं उरलेला डोळाही मिटून घेतला.