दाखवायचे पैसे

शेजारच्या काकांचं पासबुक कायम बंडीच्या आतल्या खिशात असायचं. काकूंनाही त्याचा रंग माहीत नव्हता. "आपला हात बिलकुल रिकामा हाये," या एका वाक्यावर त्यांनी लेकीच्या लग्नात जावयाची मोटारसायकल टाळली होती.

लेक पुढे कॅनडात शिकायला गेली. जावयाला तिकडं कामाचा परवाना हवा, तर खात्यात पुरेसे पैसे दाखवणं भाग होतं. काका मला हळूच म्हणाले, "तिथल्या सायबाला दाखवतो. पन जावयाला न्हाई दिसले पायजेत."

अर्ज तर जावयाचाच. त्यानं आकडा पाहिला आणि सासऱ्यांना म्हणाला, "मामा, मंग गाडी?"

गाडी आली, पैसे कमी पडले, परवाना राहून गेला. जावई आता त्या गाडीवर जवळच्या बदनापूरपर्यंत चकरा मारतो. काका मात्र मोकळे दिसतात. म्हणतात, "आता खरं बोलून राह्यलो. हात रिकामा हाये."