परशरामच्या नावाची बाटली

वडगावातल्या त्या गल्लीत इंदुताईला कुणी विणकर म्हणत नाही. माग नवऱ्याचा, साडी नवऱ्याची, विणकराचं कार्डही नवऱ्याच्याच नावाचं. इंदुताई नुसती कांड्या भरते. धोट्यात घालायच्या त्या सुताच्या कांड्या तिनं भरल्या नाहीत तर परशरामचा माग बोटभर पुढं सरकणार नाही, पण हे बोलणार कोण? पन्नाशी उलटली बाईची, लग्न झाल्यापासून भरतेच आहे.

मध्यंतरी एका संस्थेनं गल्लीतल्या देवळात शिबिर घेतलं. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी, फुकट, पन्नाशीपुढच्या विणकरांसाठी. विणकर म्हणजे कार्डवाले, आणि कार्डवाले म्हणजे पुरुष. झालं! प्रत्येकाच्या हातात नाव घातलेली एक इवलीशी बाटली दिली. झाकणाला काडी. ती सकाळच्या शौचाला टोचायची, परत बाटलीत घालायची आणि नेऊन द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्तसुद्धा त्यात सापडतं.

"शी! असली कामं मी करत न्हाय," परशरामनं बाटली बायकोच्या हातात कोंबली. "तूच भर नि दे जा. कुणाला काय कळतंय?"

आणि बाईनं भरली की हो! तुम्ही हसाल, पण तिला त्यात वावगं काही वाटलंच नाही. नवऱ्यासाठी उपास तिनं धरायचे, त्यानं बोललेले नवस तिनं फेडायचे, रेशनच्या रांगेत त्याच्याऐवजी तिनं उभं राहायचं. त्यात हे एक. तिला स्वतःला शौचाला अधूनमधून लाल पडायचं, नाही असं नाही. पण दिवसभर बसून काम करणाऱ्यांच्या घरात मूळव्याध कुणाला नसते? ताक प्यायचं आणि कामाला लागायचं.

आठवड्याभरानं फोन आला. परशरामच्या तपासणीत रक्त सापडलंय, दवाखान्यात येऊन कॅमेऱ्यानं आतडं बघून घ्या, उशीर करू नका.

परशराम गळाठलाच. नाव आपलं एवढंच त्याच्या डोक्यात बसलं, बाटली आपण भरलीच नव्हती हे घाबरून साफ विसरला. माग बंद केला आणि अंथरूण धरलं. धाकटा भाऊ मारुतीराव शहापुरातून धावत आला, त्यानं उद्याची गाडी ठरवली. शेजारपाजारचे शहाळी घेऊन बघायला आले. "माझं काय खरं न्हाय आता," म्हणत परशराम डोळे पुसत होता आणि इंदुताई त्याचे पाय चेपत होती. बाटलीत कुणाचं होतं ते त्या घरात तिला एकटीलाच आठवत होतं.

माणसं पांगून घरचे तिघंच उरल्यावर तिनं सांगून टाकलं. "अवो, उठा. ते रगत तुमचं न्हाय. बाटलीत माझं हुतं."

परशराम ताडकन उठून बसला. "व्हय? खरं?" म्हणाला, आणि चक्क हसला! "अगं मग आधी सांगायचं न्हाय व्हय? जीव गेलता माझा. च्या टाक बघू."

चहा! इंदुताईच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. त्यात मारुतीरावानं भर घातली, "वैनी, तुमचं मूळव्याधच असंल. गाडी नको म्हणून सांगतो. दिवाळीच्या ऑर्डरी पडल्यात, त्या झाल्यावर बघू."

"का नको?" इंदुताई उभी राहिली. "भावजी, मघा ह्याच रगतासाठी गाडी ठरवलीसा. रगत तेच हाय. बाईचं म्हटल्यावर लगेच मूळव्याध झाली व्हय? गाडी येऊ दे. मी जाणार."

"आणि कांड्या कोण भरणार?" परशरामनं विचारलं. खरंच विचारलं, खोटं सांगत नाही.

"तुमास्नी हात हैत की," ती म्हणाली. त्या दिवशी चहा काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या राजेश्वरीला सोबत घेऊन ती दवाखान्यात गेली. तिथं काउंटरवरच्या पोरीनं अडवलं. फुकट तपासणी कार्डवाल्याची, तुमचं नाव यात नाही.

"नाव त्यांचं हाय, आतडं माझं हाय," इंदुताईचा आवाज चढला. "कॅमेरा कशात घालणार तुम्ही, कार्डात? आमी कांड्या भरणाऱ्यांस्नी आतडी नसत्यात व्हय?"

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं ऐकल्यावर आधी त्यांनी तिलाच झापलं, दुसऱ्याच्या नावावर असलं काही देतात का म्हणून. मग तिच्या नावाची नवी बाटली दिली. त्यातही रक्त निघालं. कॅमेऱ्यात गाठ दिसली आणि तिथल्या तिथं काढलीही. पुढं रिपोर्ट आला: कॅन्सर धरला होता, पण गाठीबाहेर गेला नव्हता. सगळा निघाला. अधूनमधून येऊन दाखवायचं, बस्स. हे ऐकल्यावर इंदुताई राजेश्वरीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. भ्याली होती हो ती, लई भ्याली होती, घरच्यांपुढं दाखवलं नव्हतं एवढंच. रडून झाल्यावर मात्र डोळे पुसले आणि डॉक्टरीणबाईंकडून गल्लीतल्या बायकांसाठी बाटल्या मागून घेतल्या, पिशवीभर. कार्ड बघायचं नाही या बोलीवर.

घरी तिनं रिपोर्टचं सांगितलं. परशराम मागावर बसून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला. चेहरा उतरत गेला.

"म्हंजे गं," तो चाचरत म्हणाला, "माझी तपासणी झालीच न्हाय की."

"न्हायच झाली."

"मग माझ्या पोटात काय हाय?"

"कुणाला ठावं?" पिशवीतली एक बाटली तिनं त्याच्यापुढं ठेवली. "संडासात एकटंच जाता नव्हं? मग हीबी एकट्यानंच भरा."