ओटीपीचं रजिस्टर

"ओटीपी फोनवर सांगायचा नसतो की मॅडम. थांबा, आणून देतो."

हे वाक्य मी चार वर्षं ऐकलं. नवी पेठेत पहिल्या मजल्यावर माझं लहानसं ऑफिस आहे. लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरायची, नोटिसांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. मुदत जवळ आली की मला कुणी चहा विचारला तरी मी खेकसते. अशा वेळी समोर पोर्टल उघडलेलं, पंधरा मिनिटांचा काटा सुरू झालेला, सहा आकडे अण्णांच्या फोनवर येऊन पडलेले, आणि अण्णा म्हणतात, आणून देतो! कुठून? तर हैदराबाद रोडच्या वसाहतीतून, शेअर रिक्षानं, चौकात रिक्षा बदलून. चाळीस मिनिटं कुठं गेली नाहीत.

"अहो अण्णा, तोवर तो मरतो!"

"मग दुसरा मागवा की. त्यांच्याकडं काय कमी हाय?"

अण्णांचं नाव सांगत नाही. नावानं त्यांना कुणी हाक मारलेलीही मी ऐकली नाही. टॉवेलच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं टाइमकीपर होते. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हे लिहायचं. वेळेवर आलेल्याची नोंद निळ्या पेनानं, उशिरा आलेल्याची लाल. निवृत्त झाले तरी खिशात दोन्ही पेनं असायची. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, काखेत कापडी पिशवी.

आता तुम्ही विचाराल, एका माणसाच्या ओटीपीवर एवढं काय अडलं होतं? अडलं होतं चौदा घरांचं. त्यांच्या गल्लीत पूर्वी आधारचा कॅम्प लागला, तेव्हा धड चालणारा मोबाइल एकट्या अण्णांकडे. फॉर्म भरायला बसलेही तेच. मोबाइल नंबरच्या रकान्यात त्यांनी सगळ्यांच्या फॉर्मवर आपलाच नंबर घातला. पुढे पॅनला तोच, पोर्टलला तोच. गल्लीत आता पोरासोरांकडेही फोन आहेत, पण सरकारदरबारी त्या चौदा घरांचा पत्ता म्हणजे अण्णांचा खिसा.

"प्रत्येकाचा नंबर बदलून घ्या," मी दर वर्षी ओरडायचे.

"माझ्या नंबरात काय वाईट हाय?"

"वाईट काही नाही. पण तुम्ही गावाला गेलात तर?"

"मी कुटं जातोय?"

झालं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

फोनवर आकडे न सांगण्यामागं कारण होतं. त्यांच्या मेहुण्याला कुणीतरी बँकेतून बोलतोय असं सांगून आकडे विचारले होते, आणि त्याच्या फंडाचे पैसे तासाभरात गेले. मेहुणा त्यानंतर महिनाभर जेवायला ताटावर बसून नुसता ताटाकडे बघायचा, असं अण्णांनी एकदाच सांगितलं. पण मी त्यांची मॅडम! "माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?" असं मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "आवाज काय, चोर पण तुमचा काढंल की. तोंड कुटनं आणंल?"

"मग आधी इथे येऊन बसा, मी इथूनच ओटीपी मागवते."

"आणि आलाच न्हाय तर? रिकाम्या हातानं यायचं काय?"

माझी असिस्टंट हसून हसून टेबलावर पडायची. मला हसू येत नव्हतं. पुढं पुढं चडफडत का होईना, ते आधी येऊन बसू लागले. पण एकदा आले की दुसरं संकट पिशवीतून बाहेर यायचं, ते म्हणजे रजिस्टर.

लांबलचक, लाल पुठ्ठ्याचं. त्यात रकाने आखलेले: तारीख, वेळ, कुणाच्या नावचा, आकडे, शेरा, आणि शेवटी घेणाऱ्याची सही. आलेला प्रत्येक ओटीपी त्यात उतरवलेला. लागला तर निळा, वाया गेला तर लाल. अहो, वापरलेल्या ओटीपीची नोंद! फाडलेली एसटीची तिकिटं कुणी वहीत डकवून ठेवतं का? वर रजिस्टर माझ्यापुढं सरकवून म्हणायचे, "सही करा की मॅडम. खाली वेळ टाका."

"मी कसलीही सही करणार नाही. माझ्याकडे माणसं खोळंबलीत."

"नोंद पाहिजे. उद्या कुणी विचारलं, तर?"

"कोण विचारतंय, अण्णा?"

ते सहीचा रकाना मोकळा सोडून रजिस्टर पिशवीत घालायचे. पुढच्या खेपेला पुन्हा सरकवायचे.

त्यांच्याच गल्लीत शारदाबाई राहते. टॉवेलच्या दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. चार वर्षांनी तो कारखाना बंद पडला. तिनं फंड काढला, तर पाच वर्षांच्या आत काढला म्हणून त्यातून टॅक्स कापून घेतला. खरं तर तिचं उत्पन्न टॅक्स लागण्याइतकं नव्हतंच. रिटर्न भरलं की कापलेले पैसे परत मिळणार होते. त्यात तिला पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. नवरा नाही, नोकरी गेलेली, सासू अंथरुणाला. घरी बसून करता येईल असं तेवढंच काम तिला दिसत होतं. दुकानात जाऊन मशीन बघूनही आली होती.

मी रिटर्न भरलं. भरल्यानंतर तीस दिवसांत ओटीपी टाकून ते पक्कं करावं लागतं, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं. त्याच दिवशी करायला गेले, तर पोर्टल असं रखडलं की अण्णा समोर बसलेले असूनही आकडे वाया गेले. अण्णांनी लाल पेन काढलं. मी म्हटलं, "उद्या या." त्या वर्षी रिटर्नची मुदत पुढं ढकलली होती, आणि लगोलग ऑडिटची कामं अंगावर आली. पुढचं मला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणजे, अण्णा आलेच नाहीत, असं मला आठवत होतं.

काही महिन्यांनी शारदाबाई दारात उभी. "मॅडम, पैसे कधी येतील ओ? दुकानदार लई दिवस मशीन ठेवतोय माझ्यासाठी."

मी पोर्टल उघडलं. पक्कं न केल्यामुळे रिटर्न बाद. आठवण करून देणारा मेसेजही गेला असणार, पण तोही अण्णांच्याच फोनवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अण्णांना बोलावून घेतलं, आणि शारदाबाईसमोर, दोन-चार क्लायंटसमोर, जे तोंडात येईल ते बोलले. "चौदा घरांचे नंबर स्वतःकडे ठेवायची हौस आहे, आणि एक ओटीपी वेळेवर आणून देता येत नाही? मी या म्हटलं होतं ना? आलात का तुम्ही?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग शारदाबाईकडे वळून म्हणाले, "चुकलंच माझं, शारदा. मॅडमचं काय न्हाय त्यात. मॅडम करतील काहीतरी."

शारदाबाई त्यांना एक शब्द बोलली नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मग दुकानदाराला सांगते, ठेवू नको म्हणून." तिचा तो शांत आवाज मला जास्त लागला, आणि त्याचा रागही मी अण्णांवरच काढला.

उशीर माफ करा असा अर्ज खात्याकडे करता येतो, पण त्यालाही ओटीपी लागतो. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायला गेले, तर अण्णा जिन्यात उभे. दाराजवळच्या खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत. पोर्टल एकदा चालायचं, तीनदा बंद पडायचं. मी म्हटलं, घरी जा, लागलं तर बोलावते. "नको. आता उशीर नको," म्हणाले. पाच दिवस ते असे बसले. दुपारी डबा उघडायचे, भाकरी आणि शेंगाचटणी, आणि आधी माझ्या असिस्टंटपुढं करायचे. फोन हातात, स्क्रीन वर, मान खाली. सहा आकडे आले की खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी येऊन, कुणी ऐकू नये अशा बेतानं, एकेक आकडा सांगायचे.

रजिस्टर मात्र त्या दिवसांत दिसलं नाही. आकडे ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं लिहीत होते.

"रजिस्टर संपलं वाटतं, अण्णा?"

"घरी हाय की."

सुटले बाई, असं मी मनात म्हटलं.

पाचव्या दिवशी अर्ज गेला. आता खात्याच्या मर्जीवर. अण्णा दर सोमवारी येऊन विचारायचे, "आलं काय?" मी "नाही" म्हणायचे, मानही वर न करता. नाही म्हटलं की निघून जायचे. चहाला थांबत नव्हते.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात अण्णा गेले. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंतच. मला कळलं ते सोमवारी ते आले नाहीत म्हणून. खरं सांगते, बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला, आता चौदा जणांच्या ओटीपीचं काय? माझी मलाच लाज वाटली.

महिन्याभरानं शारदाबाई अण्णांच्या बायकोला घेऊन आली. काकू यापूर्वी कधी ऑफिसला आल्या नव्हत्या. घरात कानडी बोलणारी, मराठी जपून बोलणारी बाई. त्यांच्या काखेत तीच कापडी पिशवी. त्यातून त्यांनी आधी फोन काढला.

"काहीतरी मेसेज आलाय म्हणते शारदा. मी फोन बंद केला न्हाय. रिचार्ज चालू ठेव, लोकांची कामं हाईत त्यात, असं म्हणायचे."

मी पाहिलं. अर्ज मंजूर झाला होता. आता शारदाबाईचं बँक खातं पोर्टलवर पक्कं केलं की पैसे यायला हरकत नव्हती. मी ओटीपी मागवला. काकूंच्या हातातला फोन वाजला. त्यांनी एकेक आकडा हळू आवाजात सांगितला, अगदी अण्णा सांगायचे तसा. खातं पक्कं झालं.

मग काकूंनी पिशवीतून रजिस्टर काढलं. "याच्यात लिहायचं असतंय न्हवं? मला आकडे तेवढे कळतात, लिवाय येत न्हाय. तुमी लिवा."

मी रजिस्टर ओढून घेतलं आणि कोरं पान शोधत पानं उलटली. उलटता उलटता शारदाबाईचं नाव दिसलं. त्याच महिन्यातलं, ते तीस दिवस चालू होते तेव्हाचं. एक ओळ लाल, पहिल्या दिवसाची. तिच्याखाली तीन ओळी निळ्या. आकड्यांच्या रकान्यात काही नाही. वेळ मात्र प्रत्येक ठिकाणी नीट, सकाळी साडेदहाची. आणि शेरा.

"हजर. मॅडम कामात. उद्या या म्हणाल्या."

"हजर. मॅडम कामात. आठवड्यानं या म्हणाल्या."

"हजर. मॅडम म्हणाल्या, मी करून घेते, तुम्ही सारखे येऊ नका."

 तिसरं वाक्य वाचलं आणि ते माझं आहे हे लगेच कळलं. तसंच बोलते मी. फाइलमधून डोकं न काढता, हात हलवून. तीनदा आला होता हा माणूस, चाळीस मिनिटांची रिक्षा करून. आणि भर ऑफिसात मी त्याला विचारलं होतं, आलात का तुम्ही? तेव्हा पिशवी त्यांच्या काखेत होती. नुसतं पान उघडून दाखवायचं होतं.

"काकू, हे रजिस्टर अण्णांनी घरी का ठेवलं होतं?"

"काय की. मॅडमसमोर न्यायचं न्हाय म्हणाले. कपाटात वर टाकलं हुतं."

शारदाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "शारदाबाई, तुझे पैसे अडकले ते अण्णांमुळे नाही. ते वेळेवर आले होते. तीनदा आले होते. मीच परत पाठवलं." आणि पान तिच्याकडे फिरवलं.

तिनं ते बोट ठेवून वाचलं.  मग म्हणाली, "मी त्यांच्याशी दोन महिने बोलले न्हवते, मॅडम."

मी पेन उचललं. आजची ओळ लिहिली. मग मागं जाऊन त्या तीन ओळींपुढं, शेवटच्या मोकळ्या रकान्यांत, तीनदा सही केली.

काकू टेबलावर वाकून बघत होत्या. त्यांना अक्षरं येत नव्हती, पण अण्णांबरोबर चाळीस वर्षं काढली होती. त्यांनी सहीखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"वेळ टाका की मॅडम. वेळेबिगर ते धरत न्हवते."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि तिन्ही सह्यांखाली आजची तारीख घालून आत्ताची वेळ लिहिली. लाल पेनानं.