शुपिकाईचा पिठाचा डबा

शुपिकाईने मक्याच्या पिठाच्या डब्यात चिक्वाम्बो पाळलाय, ही कुजबुज चिटुंगविझा शहरात पाण्याच्या रांगेत सुरू झाली. चिक्वाम्बो म्हणजे पाळीव पिशाच्च. पाळणाऱ्याच्याच घरचं रक्त मागतं. ही बातमी पहिल्यांदा फोडली तिच्याच भावजयीने. ती फराईची आई, म्हणून माई फराई. जीभ मात्र सासूची.

"रोज आठच्या ठोक्याला वन्सं दार लावतात, डब्यात हात घालतात आणि पुटपुटतात. नवरा त्यानेच खाल्ला, दुसरं काय!"

नवऱ्याला कशाने खाल्लं ते शुपिकाईला ठाऊक होतं. तेच तिच्याही रक्तात होतं, एचआयव्ही. ती राहायची भावाच्या मागच्या खोलीत. भावजयीला कळलं असतं तर त्याच दिवशी पेटी रस्त्यावर आली असती. गोळ्यांची बाटली खुळखुळायची, आणि तो आवाज गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखायचं. म्हणून आधी गोळ्या सुटल्या, मग झोप, मग जेवण. दिवसभर भिंतीकडे तोंड. याला तिकडे 'फार विचार करण्याचं दुखणं' म्हणतात.

दवाखान्यात अशांशी बोलायला एक म्हातारी नेमलेली होती. सगळे तिला अंबुया, म्हणजे आजी म्हणत. नाव मुचानेता, अर्थ, 'तुम्ही दमाल'. शुपिकाई तीन गुरुवार तिच्यासमोर गप्प बसली.

चौथ्या गुरुवारी म्हातारी म्हणाली, "पोरी, माझ्या नावाप्रमाणे तूच दमशील हं. मरावंसं वाटतं?"

"रोज."

"बरं. सगळा डोंगर आज नाही उचलायचा. एकच खडा दाखव."

शुपिकाई म्हणाली, "बाटली वाजते, अंबुया."

म्हातारी पोट धरून हसली. मग दोघींनी मिळून बाटलीत कापूस कोंबला, बाटली पिठात पुरायचं ठरवलं. गोळी घेताना त्या दिवशी केलेलं एक काम स्वतःला ऐकवायचं, हेही ठरलं. 'आज उठले.' 'आज केस विंचरले.' माई फराईने दाराला कान लावून ऐकलेलं पुटपुटणं ते हेच.

आता मात्र शुपिकाई पुरती कोंडली. नाही म्हणावं तर डबा उघडून दाखवा. गप्प बसावं तर चेटकीण! त्यात भावजयीने शनिवारी पिशाच्च काढायला पांढऱ्या झग्यातला बाबा बोलावला.

"सगळ्यांना कशाला सांगतेस? एकाला सांग," अंबुया म्हणाली. "माणूस तू निवड."

शनिवारी बाबा अंगणात घुमत असताना शुपिकाई दारात आली. "दादा, तू एकटा आत ये."

तिच्या भावाने, तावेंग्वाने, डब्यात कोपरापर्यंत हात घातला, बाटली काढली, तिच्यावरची औषधाची चिठ्ठी वाचली. बहिणीकडे पाहिलं नाही. बाटली पुन्हा पुरली, वरचं पीठ तळव्याने सारखं केलं आणि बाहेर गेला.

"पीठ आहे. कुणी हात लावायचा नाही."

पण पिठाने पांढरा झालेला हात तो पुन्हा पुन्हा विजारीला पुसत राहिला. डब्यात पिशाच्चच आहे असं मानायला गल्लीला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून माई फराई नणंदेची थाळी दाराबाहेर सरकवून पळते. तावेंग्वाही त्या खोलीत पुन्हा आला नाही. त्या शनिवारी रात्री आठ वाजता शुपिकाईने दार लावलं, गोळी घेतली आणि म्हणाली, "आज दादाला सांगितलं."

डब्यात पिशाच्च नव्हतं. कापूस कोंबलेली औषधाची बाटली होती, आणि शुपिकाई रोज त्यातली एक गोळी घेत होती.