शेवट आपल्याकडे बाकी आहे

मोघेसर गेल्याचं कळलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. हिंजवडीच्या अलीकडे गाड्या नेहमीसारख्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या आणि मी कानाला हेडफोन लावून परदेशातल्या मंडळींशी इंग्रजीत बोलत होते. जुन्या क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी दोनच शब्द टाकले, 'सर गेले.' मी ते वाचले आणि पुढची वीस मिनिटं बोलत राहिले. एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही. सरांची शिकवण अंगात इतकी मुरली आहे, याची त्या दिवशी लाज वाटली... रडू आलं ते ऑफिसात पोचल्यावर, कॉफीच्या मशीनसमोर.

कोथरूडच्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या त्यांच्या हॉलमध्ये दर रविवारी क्लास भरायचा. सर शाळेतून लवकर निवृत्त झाले होते. तेव्हा जो तो कॉम्प्युटरच्या मागे लागला होता आणि आमच्यासारख्या मराठी माध्यमातल्यांचं घोडं मुलाखतीत इंग्रजीपाशी अडायचं. मी लोणी काळभोरहून दोन बस बदलून पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातच सांगून टाकलं, "सर, मला इंग्रजीचं लई भ्या हाय." सर म्हणाले, "उत्तम. ज्यांना येतं त्यांना मी घेत नाही. बसा." अठरा-वीस वर्षांच्या आम्हा पोरांनाही ते अहो-जाहो करत आणि नावाऐवजी गावाने हाक मारत. वाशिमचा एक मुलगा होता, तो 'अहो वाशिम'. मी 'अहो लोणी'.

व्याकरणाचं पुस्तक त्या घरात कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. सतरंजी, टीव्ही, व्हीसीआर आणि इंग्रजी सिनेमांच्या कॅसेटी, एवढाच संसार. एखादा प्रसंग सर आधी आवाज बंद करून दाखवत, मग आवाजासकट, आणि मग तो आम्ही उभं राहून बोलायचा. सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की मात्र ते टीव्हीच बंद करत. शेवट एकाच्या वाट्याला यायचा. त्याने पुढच्या रविवारी टीव्हीशेजारी उभं राहून आपल्या मनातला शेवट इंग्रजीत सांगायचा, मगच खरा शेवट सगळ्यांना बघायला मिळे. अडखळलं तर कुणी शब्द पुरवायचा नाही, सरही पुरवत नसत. पाच-पाच मिनिटं तुम्ही घाम पुसत उभे आणि सर खुर्चीत निवांत. "चुकीचं बोला, पण पुरं बोला. अर्धवट वाक्य ठेवायला माझ्या घरात जागा नाही." फार राग यायचा तेव्हा. पण त्या शांततेतच कधीतरी माझी जीभ सुटली.

माझ्या वाट्याला आला तो एका म्हाताऱ्या पोस्टमनचा सिनेमा. त्याने एका बाईचं पत्र कित्येक वर्षं दडवून ठेवलेलं असतं. शेवटी ते घेऊन तो तिच्या दाराशी जातो, हात उचलतो... आणि सरांनी टीव्ही बंद केला. त्याच आठवड्यात मला नोकरी लागली. रविवारी गेले ती पेढे घेऊन, दारातूनच परतायच्या बेताने. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अभिनंदन. शेवट आपल्याकडे बाकी आहे." मी म्हटलं, येते पुढच्या रविवारी. तो रविवार काही उगवला नाही.

पुढचं सांगायला जड जातं, पण ते सांगायचं नसेल तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. काही वर्षांनी आमच्या कंपनीला नव्या मुलांना इंग्रजी संभाषण शिकवणारं कुणीतरी हवं होतं. निवड करायला बसलेल्या चौघांत मी होते. दार उघडलं आणि मोघेसर आत आले, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कॅसेट. तिथे व्हीसीआर कुठला असणार? मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "अहो लोणी!" माझे सहकारी एकमेकांकडे बघून हसले. सरांनी आपली पद्धत समजावून सांगितली, त्यांच्या त्या स्वच्छ, सदाशिवपेठी इंग्रजीत. ते उच्चार ऐकून शेजारी बसलेल्या आमच्या साहेबांच्या ओठांवर हसू आलं. त्यांनी मला विचारलं, यांना ओळखता? मी म्हटलं, "ही इज माय..." आणि थांबले. शब्द येत नव्हता असं नाही. तो त्या हसऱ्या चेहऱ्यांसमोर उच्चारायचा नव्हता. मी पाण्याचा ग्लास उचलला. सरांनी क्षणभर वाट पाहिली, मग स्वतःच म्हणाले, "नेबर." आणि चष्मा काढून पुसू लागले. जन्मात कुणाला शब्द न पुरवणाऱ्या माणसाने तो मला पुरवला. त्यांची निवड झाली नाही. मी खाली सोडायलासुद्धा गेले नाही. नंतर कोथरूडवरून कितीदा गेले, दरवेळी वाटायचं, आता कोणत्या तोंडाने जायचं? आणि असं वाटण्यातच वर्षं गेली.

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीने, काकूंनी, चहा दिला आणि हॉलमधल्या फळीवरून एक कॅसेट काढून हातात ठेवली. वर चिठ्ठी, सरांच्या अक्षरात, 'लोणी'. "बाकी सगळ्या कॅसेटी मागे फिरवून पहिल्यापासून लावून ठेवायचे. हिला हात लावू देत नसत. जिथे थांबली तिथेच आहे." मग म्हणाल्या, "तुमच्या कंपनीतून आले तेव्हा सांगत होते, लोणी भेटली, मोठ्या टेबलाशी बसली होती. मी विचारलं, बोलली का इंग्रजी? म्हणाले, एक वाक्य बोलली. पुरं? तर म्हणाले, हो, पुरं."

"काकू, मी पुरं बोलले नव्हते."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "सांगताना चष्मा पुसत होते. खोटं बोलायची वेळ आली की तेवढंच सुचायचं त्यांना."

मी उठले आणि टीव्हीशेजारी उभी राहिले. पोस्टमनचं पुढे काय झालं ते काही सुचेना. सरांच्या खुर्चीकडे बघत, त्या दिवशी राहिलेलं वाक्य तेवढं म्हटलं. "ही इज माय टीचर." काकूंनी पदराने डोळे टिपले आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

कॅसेट मी घरी आणली नाही. होती तिथेच, फळीवर ठेवली. पोस्टमन अजून त्या दाराशी हात उचलून उभा आहे.