नवऱ्याचं सोंग

"तू नवरा हो," म्याडम बोलली अन् मानसाचा शर्ट माह्या अंगावर टाकला. साडीवरूनच. खुर्च्यायवरचे पाहुने हसले. समोरच्या रांगेत माहा खरा नवरा बसला होता, तोई हसला.

म्याडम पुन्याची. मार खाऊन घर सोडलेल्या आमा बायायसाठी तालुक्याले एक संस्था होती, तिथी ती हप्त्यातून एकदा ये. चित्रं काढून, नाटक करून आमाले बरं करे म्हने. पह्यल्याच दिवशी बोलली, "तुम्हा लोकांना भावना शब्दांत मांडता येत नाहीत ना, म्हणून रंग." अवो बाई! आमाले शब्द येत नाई? चार वर्सं ठान्यात, पंचायतीत, भावाच्या दारात मी शब्दच तं मांडून राह्यली होती. ऐकाले कोनाले कान होते?

मंग सुखी घराचं चित्र काढा. मंग डोळे मिटा, झाड व्हा. जलमभर जंगलात मोहफुलं येचनाऱ्या बायायले हे झाड व्हाले शिकवते! उंटावरून शेळ्या हाकनं म्हनतात ते हेच.

त्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षानं नागपूरचे पाहुने बोलावले होते. खेळ असा, का बाईनं नवरा व्हाचं, त्याचं दुःख त्याच्याच तोंडानं बोलाचं, मंग त्याले माफ कराचं. टेबलावर समेटाचा कागद टाईप करून तयार. सही केली का त्याच सांजेले त्याच्या संगं घरी. मले तिथी तीन मह्यने झाले होते. "हिले किती दिवस ठेवाचं?" अध्यक्ष मले ऐकू जाईन असा बोलला होता. भाऊ घरात घेत नोयता. खोटं काऊन बोलू, मी सही कराच्याच बेतात होती.

"त्याच्या मनात शिर," म्याडम बोलली. "जमेल तेवढंच कर. नाटकबिटक तुम्हाला कुठून माहीत असणार."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडं मंडईच्या जत्रंत दंडारीचं नाटक राहे, माहा बाप त्यात जलमभर बाईचं सोंग करे. दिवाळी झाली का गावोगाव त्याचा खेळ. तो रडला का समोरच्या बाया पदर तोंडाले लावत. तो मले सांगे, "सोंग घ्याचं तं अर्धं नोको घेऊ, पोरी."

पुरंच घेतलं.

मी नवरा झाली, नुसत्या हातवाऱ्यानं. चपला दाराशी जोडून ठेवल्या. देवाले हात जोडले. आतून कडी घातली. टीव्हीचा आवाज वाढवला. मंग मनगटावरचं घड्याळ काढलं, शर्टाले पुसलं अन् फळीवर ठेवलं. मारताना काच फुटू नाई म्हनून. बाह्या वर केल्या.

हात उगारलाच नाई मी. कायले उगारू? मागं बसलेल्या आमच्या बायायनं तोंडाले पदर लावला होता. त्यायले सारं समजलं होतं.

मंग घड्याळ परत घातलं, किती वाजले ते पाह्यलं, अन् त्याच्याच आवाजात बोलली, "वाढ. भूक लागली."

पाहुने समोर बसलेल्या माह्या नवऱ्याच्या मनगटाकडं पाहाले लागले. तिथी ते खरं घड्याळ होतं. त्यानं हात खिशात घातला.

म्याडम मात्र टाळ्या वाजवत उठली. "छान! आता त्याचं दुःख सांग."

"हेच त्याचं दुःख, म्याडम. घड्याळ फुटू नाई."

अध्यक्षानं पेन पुढं केला. "सही कर वो बाई, पाहुने खोळंबले."

मी शर्ट काढला अन् त्या कागदावर फेकला. "पाहुन्यायलेच घेऊन जा म्हना त्याले घरी," म्हनलं, अन् पिशवी उचलून निंगाली.

आता अहेरीले राहातो आमी दोघी, मी अन् संस्थेतलीच एक बाई. शाळेत सैपाक करतो. नवऱ्यावर केस चालू हाये. कोर्टात उभी राहून सांगतलं, कडी, टीव्ही, घड्याळ, सारं. म्याडमचं म्हननं एक खरं निंगालं, सोंग घेतलं का बाई बरी होते. पन कोनतं घ्याचं, ते मी ठरवीन.

यंदा मंडईत त्याच्याच गावात दंडार हाये. नवऱ्याचं सोंग माहं हाये. त्यानं यावं, पुढंच बसावं. घड्याळ घालून यावं.