गल्लीतली अकरा बटणं

वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवायचा हा ठराव बायकोचा. तो मंजूर करून ती पुण्याला गेली. मुलीला बाळ झालं म्हणून दोन महिन्यांसाठी गेली होती. बाळ आता धावतं. मी मधूनमधून विचारतो, "कधी येतेस?" ती म्हणते, "तुम्हीच या ना. तिथं तुमचं काय अडलंय?" प्रश्न रास्त आहे. विम्याच्या ऑफिसातून वेळेआधी निवृत्ती घेतल्यापासून माझं कुठेच काही अडत नाही, आणि माझ्यावाचून कुणाचंही.

भाडेकरू आला तो टांझानियाचा. इथल्याच, इंदूरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंग संपवून तो स्वतःचं काही उभं करायच्या खटपटीत होता. राजेंद्र नगरातल्या तीन घरांनी, फाटकावर पाटी लटकत असताना, त्याला 'कमरा खाली नहीं है' सांगितलं होतं. मी हो म्हटलं. त्यात मोठेपणा काही नाही. ज्या घरात दिवसभर फ्रिजचाच काय तो आवाज येतो, तिथला माणूस कुणालाही हो म्हणतो.

पहिल्याच सकाळी तो खाली येऊन फाटकाशी उभा राहिला. कचरागाडी गाणं वाजवत आली, आणि आम्ही सगळे ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन बाहेर आलो. तो बघतच राहिला.

"काका, ये रोज आती है?"

"रोज."

"और लोग अलग-अलग करके देते हैं?"

मी त्याला ती पद्धत अशी समजावली, जणू मीच काढली होती. त्याच्या शहरात, त्याच्या वस्तीत गाडी कधी येईल याचा नेम नव्हता. लोक वाट बघून कामाला जात, आणि कचरा नालीत पडे. आई अंगणात जाळायची, मग दिवसभर खोकायची. तेव्हाच त्याच्या डोक्यात आलं: ज्याला गाडी दिसेल त्यानं फोनवर एक बटण दाबायचं, म्हणजे पुढच्या गल्लीला आधीच कळेल. आधी आमच्या गल्लीत करून बघायचं, आणि मग आकडे घेऊन त्याच्या नगरपालिकेपुढं उभं राहायचं.

मी त्याला घेऊन दहा घरं फिरलो, माझं अकरावं. सगळ्यांनी चहा पाजला. सगळे म्हणाले, "हो हो, करू ना." आता आम्हा इंदुरी मराठी माणसांचं एक आहे. तोंडावर नाही म्हणणं आम्हाला जमत नाही. आम्ही हो म्हणतो, आणि मग करत नाही. चौथ्या दिवशी दोनच बटणं दाबली गेली, त्यातलं एक माझं. तो जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

"काका, लोगों को पसंद नहीं आया."

मला बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या वहिनींना म्हणालो, "फोन द्या इकडे, मी दाबतो."

"घ्या की. पण आतलं काही वाचू नका हो," वहिनी म्हणाल्या.

आठवड्याभरात आठ घरांचे फोन सकाळी माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर यायला लागले. मी ते एका स्टीलच्या ताटात मांडायचो. गाडी आली की एकेक बटण दाबायचो, मध्ये थोडा वेळ सोडून, म्हणजे खरं वाटावं. विम्याच्या ऑफिसात इतकी वर्षं घालवली ती काही फुकट गेली नाहीत. कोपऱ्यावरचे आजोबा म्हणाले, "भिया, तुम्हाला आता खिडकी उघडावी लागेल. मध्ये लंच टाइम ठेवा."

पण वरचा माणूस फुलला. संध्याकाळी खाली येऊन आलेख दाखवायचा, "देखो काका, पूरी गली जाग गई." मग जेवायलाही थांबायचा. जेवताना मी त्याला घराण्याच्या गोष्टी सांगायचो: पणजोबा संस्थानच्या कचेरीत कसे लागले, आजोबांनी साहेबाच्या घोड्याला कसा सलाम ठोकला. या गोष्टी सुरू झाल्या की माझी मुलगी पाणी प्यायला उठायची आणि परत यायचीच नाही. हा विचारायचा, "फिर?" आमच्या घरात कित्येक वर्षांत मला कुणी 'फिर' विचारलेलं नव्हतं.

एक दिवस तो सांगत आला की त्याच्या शहरातल्या नगरपालिकेनं बोलावलंय, तीन आठवड्यांनी. "वहाँ बोलूँगा, ग्यारह घर, ग्यारह बटन."

खरं सांगितलं तर सगळं पुन्हा करावं लागणार होतं. माझ्या हिशेबानं सहा महिने तरी. म्हणजे सहा महिने तो इथंच. गोची हीच होती. सांगायला हवं हे कळत होतं. पण त्याच्या भल्यासाठी सांगायचंय की माझ्या, ते कळत नव्हतं. शेवटी बायकोला फोन केला.

"सांगून टाका आधी," ती म्हणाली. "आणि तो जाऊ नये म्हणून सांगताय ना?"

"तसं नाही."

"मग मला कशाला विचारताय?"

लग्न झाल्यापासून तिनं मला उत्तर देता येईल असा एकही प्रश्न विचारलेला नाही.

दुसऱ्या सकाळी त्याला भिंतीशी बोलावलं, ताट दाखवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं ताटाकडे बघितलं.

"सब के सब?"

"दोन घरं सोडून. ती कधीकधी दाबतात."

त्यानं एकेक फोन उचलला आणि घरोघर स्वतः देऊन आला. पुढचे तीन दिवस तो खाली आला नाही. वर पावलं वाजायची, खुर्चीपासून खिडकीपर्यंत आणि परत. मी सवयीनं दोघांची खिचडी टाकायचो आणि उरलेली दुसऱ्या दिवशी खायचो.

चौथ्या दिवशी तो वही घेऊन आला.

"काका, फोन से पहले भी आप रोज गाडी की राह देखते थे?"

"बघायचो."

"कचरा कितना होता था?"

"एखादं केळ्याचं साल." मग म्हटलं आता लपवायचं तरी काय. "गाडीवाल्याशी दोन शब्द होतात. दिवसातले पहिले. कधी तेवढेच."

त्यानं ते लिहून घेतलं. "हर गली में ऐसा एक होता है," तो म्हणाला. "मेरी माँ की गली में एक रिटायर मास्टरनी है, दिन भर दरवाजे पे. ग्यारह को क्यों बोलना? एक को बोलो. वो सबको आवाज देगा."

माझं एकटेपण असं त्याच्या योजनेचा पाया झालं. कौतुक झाल्यासारखं वाटलं, आणि चारचौघांत शर्टाची बटणं उघडी राहिल्यासारखंही.

सहा महिन्यांचा माझा अंदाज साफ चुकला. त्यानं सगळं तीन आठवड्यांत बदललं, आणि पहिली चाचणी कशी फसली तेही तिथं जाऊन सरळ सांगितलं. निघताना मी त्याच्या हातावर दही ठेवलं. ते चाटून त्यानं विचारलं, हे औषध कशावर आहे. मी म्हटलं, प्रवासावर.

आता तिथं त्याची कंपनी चालते. रविवारी कधी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, पण मागे माणसं थांबलेली असतात. मागच्या वेळी त्यानं गल्लीगल्लीतल्या त्या एकेका माणसाचे फोटो दाखवले. बऱ्याचशा म्हाताऱ्या बायका, एक लंगडा शिंपी.

मी विचारलं, "हे सगळे एकटेच राहतात का रे?"

"सब नहीं, काका. पर गाडी आती है तो सबसे पहले यही बाहर होते हैं."

तेवढ्यात त्याला कुणी हाक मारली. "एक मिनट, काका," म्हणून त्यानं फोन टेबलावर ठेवला. मला त्यांच्या ऑफिसचं छत दिसत होतं आणि फिरणारा पंखा. मागे चारपाच जण मला न कळणाऱ्या भाषेत बोलत होते, मध्येच हसत होते. मिनिटाची दहा मिनिटं झाली. मी फोन कट केला नाही.